तडा कुठे जायचा, हे आधी ठरवा

घरात फरशी बसवायची म्हटली की बोलणे रंगापासून सुरू होते. मग डिझाइन, मग चौरस फुटाचा भाव, आणि वेळ उरलाच तर ‘कारागीर कोण धरलाय?’ फूट बाय फुटाच्या टाइल्सच्या काळात हा क्रम खपून जात होता. कापताना एखादी टाइल फुटली तर मिस्त्री ती बाजूला सारायचा, खोक्यातून दुसरी काढायचा आणि मालकाला पत्ताही लागत नसे. आता दुकानात १२०० बाय २४०० मिलिमीटरची, म्हणजे चार फूट बाय आठ फुटांची, अखंड टाइल उभी असते. ती फुटली की झाकायला जागा नसते. शिरा जुळवून निवडलेली जोडी मोडते, त्याच बॅचचा माल पुन्हा मिळेलच असे नसते, आणि प्लंबरपासून रंगाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तारखा पुढे सरकतात.

या मोठ्या टाइल्स कापायच्या कशा आणि त्यांना भोके पाडायची कशी, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. फरशीकामातला हा एक लहानसा तुकडा. पण नुकसान बहुतेक वेळा इथेच होते, आणि यावर मराठीत सलग लिहिलेले फारसे सापडत नाही. साइटवर जे शिकायला मिळते ते ‘बघून घे’ या पद्धतीने. बघून हात कसा फिरतो ते कळते, तो तसाच का फिरतो ते कळत नाही. टाइल बदलली की नेमका हा ‘का’ अडतो.

आपल्याकडच्या फरशीचा प्रवास थोडक्यात सांगायला हवा, कारण कारागिराच्या सवयी त्यातून घडल्या आहेत. शहाबादी, कडप्पा, कोटा हे दगड. त्यांना छिन्नी-हातोडा चालायचा, कड थोडी वाकडी गेली तर घासून घेता यायची. मग सिमेंटच्या नक्षीदार आणि मोझॅकच्या लाद्या आल्या. स्वदेशीच्या वातावरणात १९२२ मध्ये मुंबईत फिरोजशा सिधवा यांनी सुरू केलेल्या ‘भारत फ्लोअरिंग्ज’च्या लाद्या दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींत आजही पायाखाली आहेत. त्यानंतर सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड टाइल्सनी घरे व्यापली, आणि गुजरातमधले मोरबी हे देशाच्या टाइलधंद्याचे केंद्र बनले. दरम्यान इटलीत टाइल दाबण्याचे तंत्रच बदलले. फ्रँको स्टेफानी या अभियंत्याने २००१ मध्ये ‘लॅमिनाम’ कंपनी काढली आणि एक मीटर बाय तीन मीटरच्या, अवघ्या काही मिलिमीटर जाडीच्या पाट्या बाजारात आणल्या. इमोला गावच्या ‘साक्मी’ या सहकारी संस्थेची अखंड दाब देणारी यंत्रे पुढे जगभर गेली, आणि ते तंत्र मोरबीतही पोचले. आज १६०० बाय ३२०० मिलिमीटरची पाटीही आपल्याकडे नवलाची राहिलेली नाही.

दगडाची सवय झालेल्या हातात ही पाटी आली, आणि गोंधळ तिथून सुरू झाला.

ही टाइल आहे तरी काय? चिकणमाती, फेल्डस्पार आणि गारेची म्हणजे क्वार्ट्झची भुकटी प्रचंड दाबाखाली दाबायची आणि बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजायची. त्या उष्णतेत फेल्डस्पार वितळतो, कणाकणांतल्या फटी भरतो आणि थंड होताना काचेसारखा घट्ट होतो. म्हणून पोर्सेलिन गटातली टाइल तिच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी पीत नाही. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल दहा टक्क्यांहून जास्त पिते. पाणी शिरत नाही म्हणून डाग पडत नाहीत. आणि पाणी शिरत नाही म्हणूनच नुसत्या सिमेंटच्या रबडीची तिच्यावर पकड बसत नाही. ती चिकटवायला केमिकल, म्हणजे टाइल अ‍ॅडहेसिव्ह, लागते.

टाइल कठीण आहे आणि ठिसूळही आहे. या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध वाटतात, पण त्या एकाच घडणीतून येतात. लोखंडाची सळई जास्त ताण आला की आधी कायमची वाकते, मग तुटते. ती इशारा देते. सहा मिलिमीटरची लांब पाटी दोघांनी आडवी उचलली तर तीही डोळ्यांना दिसेल इतकी वाकते, पण खाली ठेवली की पुन्हा सरळ होते. नाहीतर तुटते. मधली अवस्था नाही.

हे असे का, याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळाले आहे. १९१३ मध्ये चार्ल्स इंग्लिस या इंग्रज अभियंत्याने गणिताने दाखवले की पत्र्यात किंवा पाटीत भोक किंवा चीर असली की ताण तिच्या टोकाशी गोळा होतो, आणि टोक जितके अणकुचीदार तितका तो वाढत जातो. पुढे विमानांच्या कारखान्यात काम करणाऱ्या ए. ए. ग्रिफिथने १९२१ मध्ये काचेवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. काच हिशेबाने जितकी बळकट असायला हवी तितकी नसते, कारण तिच्या अंगावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात आणि ती त्यांच्यापासूनच फुटते, असे त्याने सांगितले. चीर एका मर्यादेपलीकडे गेली की ती आपली आपण पळते, तिला ढकलावे लागत नाही.

या पुस्तकात पुढे जे जे सांगितले आहे ते सगळे या दोन माणसांच्या म्हणण्यात बसते. टाइल कापणे म्हणजे जोर लावणे नव्हे. तडा आपण ठरवू त्या जागी सुरू करायचा, आपण ठरवू त्या वाटेने न्यायचा, आणि बाकी कुठेही सुरू होऊ द्यायचा नाही. कारागिरी म्हणायची ती याला.

सरळ काप घ्या. मोठ्या टाइलसाठी लांब रूळ येतो. तो व्हॅक्यूम कपांनी टाइलला चिकटतो आणि त्यावरून टंगस्टन कार्बाइडचे बारीक चाक धावते. चाक टाइल कापत नाही. ते चकाकीच्या बाजूला एक रेघ मारते आणि त्या रेघेखाली सरळ आत जाणारी बारीक चीर तयार करते. चिक्की थाळीत थापल्यावर ती गरम असतानाच सुरीने रेघा मारून ठेवतात, म्हणून पुढे ती हव्या त्या ठिकाणी मोडते; इथेही काम रेघेचेच आहे. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड हवी, दाब सारखा हवा, आणि ती एकदाच मारायची. चाक नीट चालले असेल तर एकसारखा बारीक करकर आवाज येतो. मध्येच आवाज तुटला तर तिथे रेघही तुटली आहे. अशा वेळी मन सांगते, अजून एकदा फिरवू. फिरवू नये. दुसऱ्या खेपेला चाक आधीच्या खाचेच्या कडा चुरडते, एका चिरेच्या जागी चार वेड्यावाकड्या चिरा होतात आणि चाकाची धारही जाते. तुटलेला तेवढाच भाग हलक्या हाताने जोडून घ्यावा.

मग तोडणे. टाइल टेबलावर पूर्ण टेकलेली हवी. टेबल पोकळ असेल, खाली सिमेंटचा खडा असेल, तर तडा रेघ सोडून त्या खड्याचा सल्ला घेतो. रेघ टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर येईल एवढी टाइल पुढे ओढायची, रेघेच्या टोकाला तोडपकड लावायची आणि स्क्रू सावकाश आवळायचा. टक्‌ असा लहान आवाज होतो आणि चीर आत धावते. तेच दुसऱ्या टोकाला. आठ फुटांची टाइल बोटांच्या जोराने दुभंगते हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला खरे वाटत नाही. पाठीला फायबरची जाळी असेल तर दोन भाग जाळीवर लटकून राहतात. जाळी सुरीने कापायची. ओढून फाडली तर कडेचे टवके उडतात.

तडा नेहमी कमजोर बाजूकडे झुकतो. टाइलचे दोन सारखे भाग करायचे असतील तर तो सरळ जातो. अडीच-तीन इंची पट्टी काढायची असेल तर तो पट्टीच्या अंगाला वळू बघतो. पट्टी जितकी अरुंद तितका धोका जास्त. म्हणून बारीक पट्ट्यांना रेघ मारून तोडण्याचा हट्ट धरू नये; तिथे ओले पाते चालवावे. आणि त्याहून बरे म्हणजे पट्टी येणारच नाही असा नकाशा आधी काढावा. दारापासून सुरुवात केली आणि पलीकडच्या भिंतीशी दोन इंच उरले, हे दृश्य प्रत्येक साइटवर दिसते. ती चूक कापण्याची नसते. ती सकाळी गुण्या आणि दोरी लावण्याआधीच झालेली असते.

आता आतला कोपरा. खांबाला वळसा, खिडकीचा कट्टा, ओट्यावरचे सिंक, स्विचबोर्ड; एल किंवा यू आकाराचा काप. इथे सर्वाधिक टाइल्स फुटतात, आणि गंमत अशी की पुष्कळदा कापताना फुटत नाहीत. उचलताना फुटतात, चिकटवल्यावर आठवड्याने फुटतात, कधी वर्षाने कोपऱ्यातून तिरकी केसाएवढी चीर निघते आणि दोष इमारतीच्या खचण्यावर जातो. ग्राइंडरने दोन्ही बाजूंनी काप मारले आणि ते कोपऱ्यात एकमेकांना छेदून पुढे गेले की इंग्लिसने सांगितलेले अणकुचीदार टोक आपण आपल्या हाताने तयार केलेले असते. उपाय सोपा आहे. कापायच्या आधी कोपऱ्यात हिऱ्याच्या बिटने गोल भोक पाडायचे आणि दोन्ही काप त्या भोकात आणून थांबवायचे. कोपरा गोलसर राहिला की ताण एका टोकावर न साचता पसरतो. ‘कोपरा काटकोनातच हवा’ म्हणणाऱ्या मालकाला आणि आर्किटेक्टलाही हे समजावून सांगावे लागते. गोलाई पाच-सात मिलिमीटरची असते आणि ती सहसा पट्टीखाली किंवा फ्रेमखाली झाकली जाते.

भोके पाडण्याचे तत्त्व तेच, हत्यार वेगळे. पहिला नियम: ड्रिलचा हॅमर बंद. हॅमर म्हणजे सेकंदाला अनेक ठोके, आणि ठिसूळ वस्तूला ठोका म्हणजे चिरेचे बीज. हिऱ्याचे बिट भोसकत नाही, घासते. म्हणून त्याला दोन गोष्टी लागतात: वेळ आणि गारवा. नळाच्या पस्तीस मिलिमीटरच्या भोकाची कृती जवळून पाहू. बिट सपाट धरून सुरू केले तर ते गुळगुळीत चकाकीवर नाचते आणि टाइलभर ओरखडे उठतात. म्हणून ते तिरके धरायचे, कडेचा एकच भाग टेकवायचा. आधी चंद्रकोरीसारखी खाच पडते. तिला धरून बिट हळूहळू उभे करत न्यायचे, की कोरीचे वर्तुळ होते. त्यानंतरही सरळ खाली रेटायचे नाही. मनगट किंचित गोल फिरवत राहायचे, म्हणजे पाणी आत जाते आणि गाळ बाहेर येतो. भिंतीवर काम असेल तर हेल्परने ओला स्पंज वर धरून पाण्याची धार सोडावी. मेण भरलेली कोरडी बिट्सही मिळतात, पण दोन-तीन भोकांनंतर त्यांनाही निवू द्यावे लागते. शेवटचे दोन मिलिमीटर उरले की दाब काढून घ्यायचा. जोर तसाच राहिला तर मागच्या बाजूचा टवका उडतो. टवका मागे आहे, दिसणार नाही, असे म्हणून तो सोडू नये. तो दिसत नाही हे खरे, पण ताणाला तो बरोबर सापडतो.

लावून झालेल्या टाइलला गीझर, आरसा, टॉवेल रॉड यांसाठी जी भोके पडतात, त्यांचे एक वेगळे प्रकरण आहे. ती बहुधा फरशी कारागीर गेल्यावर दुसराच माणूस पाडतो. टाइल ओलांडून मागच्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये शिरायचे तेव्हा बिट बदलावे. टाइलमधल्या भोकापेक्षा ते किंचित बारीक असावे, म्हणजे हॅमर सुरू केला तरी त्याचा धक्का टाइलच्या कडेला लागत नाही. आणि प्लास्टिकचा प्लग टाइलच्या जाडीच्या पलीकडे, पूर्ण भिंतीत बसवावा. स्क्रू आवळला की प्लग फुगतो. तो टाइलच्या जाडीत फुगला तर टाइलला आतून पाचर मारल्यासारखे होते.

टाइल भट्टीतून येते तेव्हाही तिच्या अंगात ताण असतो. वरचा भाग आणि गाभा एकाच गतीने थंड होत नाहीत. शिवाय ५७३ अंशांना क्वार्ट्झ आपली रचना बदलतो आणि त्याचे आकारमानही बदलते. भट्टीवाले त्या टप्प्यात गती सांभाळतात, तरी थोडा ताण अंगात उरतोच. लहान टाइलमध्ये तो जाणवत नाही. मोठ्या पाटीत पाते अर्ध्यावर असताना मागचा काप आपोआप मिटतो किंवा उघडतो, किंवा तडा पात्याच्या पुढे पळत सुटतो, तो यामुळे. म्हणूनच ओट्यासाठीच्या जाड स्लॅबचे बरेच उत्पादक सिंकचा काप घेण्याआधी कडेच्या बारीक पट्ट्या काढून टाकायला सांगतात. हा माल वाया घालवणे नव्हे. अंगातला ताण मोकळा करण्याची ती वाट आहे.

आता वजन. नऊ मिलिमीटर जाडीची चार बाय आठची टाइल ६० किलोंच्या घरात जाते. सहा मिलिमीटरची सर्वांत मोठी पाटी ७५ किलोंच्या आसपास. ती उभीच न्यायची, कडेवर, फ्रेमला व्हॅक्यूम कपांनी धरून. जिन्यातून चढवण्याआधी जिन्याचे वळण मोजावे. लिफ्टमध्ये मावत नाही हे लिफ्टच्या दारात कळले तर तो दोष टाइलचा नाही.

धुळीबद्दल मात्र थांबून बोलले पाहिजे. टाइल कोरडी कापताना जो पांढरा ढग उठतो त्यात गारेचे इतके बारीक कण असतात की ते फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात. त्यातून सिलिकोसिस होतो, आणि झालेला सिलिकोसिस बरा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये अशा धुळीला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून ओट्यांसाठीच्या कृत्रिम दगडावर बंदी घातली, ती कापणाऱ्या तरुण कारागिरांना झालेल्या याच आजारामुळे. पोर्सेलिन त्या बंदीत नाही, पण धूळ त्याचीही घातकच. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही. पाणी अडवते, एन-९५ मास्क अडवतो, आणि रेघ मारून तोडण्याची पद्धत तर जवळजवळ धूळच करत नाही. म्हणजे जी रीत टाइलला मानवते तीच छातीलाही मानवते. ओल्या कामाचा एक धोका विजेचा: मशीनच्या लाइनवर तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा खटका, असल्याशिवाय पाणी आणि ग्राइंडर एकत्र आणू नयेत. या दोन बाबतींत पुस्तकात कुठेही पर्याय सुचवलेला नाही, आणि तो हेतुपुरस्सर.

इथवर वाचणाऱ्याच्या लक्षात आले असेल की या सगळ्या रीतींत महागडे यंत्र फार थोड्या ठिकाणी लागते. लागतो तो वेळ. रेघ मारण्याआधी टेबल पुसायला, कोपऱ्यात आधी भोक पाडायला, बिट निवू द्यायला, उडालेली कड हिऱ्याच्या पॅडने घासायला. आणि आपल्याकडे मजुरी मोजली जाते चौरस फुटावर. मोठी टाइल म्हणजे कमी नग, कमी सांधे, म्हणजे काम लवकर, असा हिशेब ठेकेदार मांडतो. प्रत्यक्षात सरळ रिकाम्या खोलीत तो थोडाफार खरा असतो. बाथरूममध्ये, जिथे एका पाटीत डायव्हर्टर, शॉवर, कोनाडा आणि नळ सगळे एकत्र येतात, तिथे तो पूर्ण फसतो. त्या एका पाटीला अर्धा दिवस जाऊ शकतो आणि तो जायलाच हवा. चौरस फुटाच्या दराने काम करणाऱ्या कारागिराला मात्र तो अर्धा दिवस स्वतःच्या खिशातून द्यावा लागतो. मग तो घाई करतो. फुटलेल्या टाइलमागे अडाणी हात असतो असे आपण समजतो. बहुतेक वेळा चुकीचा दर असतो.

पुस्तक तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. कारागिराने ते क्रमाने वाचावे, पण नुसते वाचू नये. प्रत्येक प्रकरणानंतर एखाद्या तुटक्या तुकड्यावर तेवढीच कृती करून पाहावी. साइटवर तुकड्यांना तोटा नसतो. सुपरवायझर आणि आर्किटेक्ट यांनी नकाशाचे आणि आतल्या कोपऱ्यांचे प्रकरण आधी वाचावे, कारण टाइल फुटण्याची निम्मी कारणे कागदावरच तयार होतात. घरमालकाने भोकांचे आणि धुळीचे प्रकरण वाचले तरी पुरे.

घरमालकांना आणखी एक विनंती. टाइल निवडाल त्याच दिवशी कारागिरालाही निवडा आणि ती टाइल त्याला दाखवा. भोके आणि आतले काप चौरस फुटात धरू नका. त्यांचा दर नगावर, वेगळा ठरवा. पाण्याची आणि मास्कची सोय तुमच्या खर्चाने करा. एका फुटलेल्या पाटीच्या किमतीत हे सगळे बसते.

आणि कारागिरांना एवढेच: मालक घाई करायला लागला तर हे पान त्याच्यापुढे ठेवा आणि आपल्या गतीने काम करा.